भूतयज्ञ आणि अंगणातील पाखरे



गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नित्य हिंसा घडते, असे आपल्या धर्मशास्त्राने सांगून ठेवले आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच ठिकाणे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात त्यांस ‘सूना’ म्हणजे वधस्थान असे कठोर नाव दिलेले आहे. चूल पेटली की सरपणातील किडे जळतात, केर काढताना मुंग्या चिरडतात, दळताना धान्यातील जीव भरडला जातो. यांपैकी काहीही आपण जाणूनबुजून करीत नाही. तथापि आपण जगतो त्याची किंमत कोणी तरी मुका जीव रोज चुकवीत असतो, हे खरेच. आज चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली आणि उखळ-मुसळाच्या जागी विजेचे यंत्र आले. म्हणून सूना घरातून गेल्या असे कोणी समजू नये. कीटकनाशकाच्या फवाऱ्याच्या रूपाने सहावी सूना मात्र नव्याने आली आहे.

या नित्य ऋणाच्या फेडीसाठी शास्त्रकारांनी पंचमहायज्ञ सांगितले. ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. येथे भूत म्हणजे प्राणिमात्र. (मुलांस हे आवर्जून समजावून सांगावे; नाही तर त्यांची भलतीच कल्पना होते.) आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी वैश्वदेव झाल्यावाचून पान वाढले जात नसे, जेवणापूर्वी ताटाभोवती चित्राहुती घातल्या जात, काकबळी अंगणात ठेवला जाई. खानदेशातील घरांतून ओसरीच्या आढ्याला ज्वारी-बाजरीच्या कणसांची जुडी बांधलेली असे आणि चिमण्या दिवसभर तिच्याशी झोंबत असत. ती जुडी शोभेची नव्हती. शेतातून घरी आलेल्या धान्यात पाखरांचाही हिस्सा आहे, ही तिच्यामागील समजूत होती.

आम्हांस या लेखात जे मांडावयाचे आहे ते या ‘हिस्सा’ शब्दात आहे. भूतयज्ञ हे दान नव्हे, ती ऋणाची फेड आहे. दान देणारा उंचावर उभा असतो. काय द्यावे, किती द्यावे, केव्हा द्यावे हे त्याच्या मर्जीवर असते आणि दिल्यानंतर पुण्याचा आकडा तोच आपल्या वहीत मांडतो. ऋण फेडणाऱ्यास अशी मोकळीक नाही. ज्याचे देणे आहे त्यास जे हवे तेच त्याला द्यावे लागते. हा भेद नीट ध्यानात आला, म्हणजे पाखरांना काय घालावे, कोठे घालावे आणि काय घालू नये, या प्रश्नांची पुष्कळशी उत्तरे आपोआप मिळतात.

आपण ज्या सुरत शहरी राहतो त्याची या बाबतीतील कीर्ती जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली येथे आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात सुरतेतील पशूंच्या रुग्णालयाची हकिकत मोठ्या अचंब्याने लिहून ठेवली आहे. त्याच्याही आधी, १६२३ साली, पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने खंभात येथे आजारी व जखमी पक्ष्यांसाठी चालविलेले रुग्णालय पाहिले होते. युरोपातील या माणसांना हे सारे विचित्र वाटले, यात नवल नाही. आपणांस विचित्र वाटावी ती गोष्ट निराळी आहे. त्या काळी येथील गृहस्थ घायाळ पाखराला उचलून नेण्यासाठी ठिकाण उभारीत होते. आज त्याच शहरात घरच्या मुलास आपल्या गच्चीवर येणाऱ्या पाच पक्ष्यांची नावे विचारली, तर कबूतर आणि कावळा यांच्यापुढे गाडी सहसा जात नाही.

गुजरातच्या गावोगावी आणि अहमदाबादच्या पोळांतून चबुतरे उभे आहेत. उंच खांबावर कोरीव काम केलेली छत्री आणि तिच्यात दाणा-पाणी, अशी ही रचना. दिवंगत आप्ताच्या नावाने चबुतरा बांधण्याची रीत आहे आणि ती फार सुंदर आहे. तिच्यात शहाणपणही आहे. दाणा उंचावर असल्याने मांजर तेथवर पोहोचत नाही. शिवाय जुन्या गावात चबुतऱ्याभोवती झाडे असत, शेते जवळ असत, त्यामुळे नाना जातींची पाखरे येत. आज शहराच्या चौकात, भोवती सात-आठ मजल्यांच्या इमारती असताना, रोज पोतीच्या पोती धान्य ओतले जाते. तेथे काय घडते ते आता पाहू.

कबूतर हा मूळचा कडेकपारीतला पक्षी. आपल्या उंच इमारतींच्या खिडक्या, वातानुकूलन यंत्रांच्या बैठका, जिन्यांचे झरोके या सर्व त्याच्या दृष्टीने कपारीच होत. तेथे बारमाही आयता दाणा मिळाला की तो वर्षभर अंडी घालतो. दाण्यावर कबुतरांचे थवे उतरले की चिमणी, होला यांसारख्या लहान पाखरांस तेथे पायही ठेवता येत नाही. म्हणजे आपण ‘पक्ष्यांना’ दाणा घालतो असे म्हणतो आणि प्रत्यक्षात एकाच पक्ष्यास घालतो. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ रोज श्वासावाटे आत गेल्याने काही माणसांच्या फुप्फुसांना सूज येते आणि दुर्लक्ष झाल्यास पुढे ती फुप्फुसे कडक होत जातात, हे वैद्यकाने निश्चितपणे सांगितले आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्यास सांगितले आणि दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत कसे गेले, हे आपणांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. दोन्ही बाजूंना श्रद्धाळू माणसे होती. एका बाजूस मुक्या जिवांचा कळवळा होता आणि दुसऱ्या बाजूस धाप लागलेली म्हातारी माणसे होती.

आम्ही कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवीत नाही. कबुतराचा द्वेष करावा असेही नाही. श्रीमद्भागवतातील अवधूताने ज्यांना गुरू केले त्या चोविसांत कबूतर आहेच. परंतु शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण खिडक्या लावून बसलेला असताना आपण वरच्या गॅलरीतून मूठ-मूठ दाणे फेकून पुण्य जोडीत असू, तर मनुष्ययज्ञ मोडून भूतयज्ञ केल्यासारखे होईल. पाचांपैकी एक यज्ञ करण्यासाठी दुसरा मोडावा, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

मग करावे तरी काय? प्रथम अतिथी ओळखावा. दारी आलेला पाहुणा मधुमेही आहे हे न विचारता त्याच्या पुढ्यात श्रीखंडाची वाटी सरकविणे यास आपण आतिथ्य म्हणत नाही.

चिमणी, होला, पोपट यांना दाणा चालतो. साळुंकीला दाण्याबरोबर किडे आणि फळेही लागतात. बुलबुल फळे आणि किडे खातो. तांबट, ज्यास आपले गुजराती शेजारी कंसारो म्हणतात, तो तर दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे अन्न. कोकिळेचेही तेच. दयाळ जमिनीवरील किडे वेचतो, शिंपी पानांमागील अळ्या टिपतो, शिंजीर फुलांतील मध चोखतो आणि बारीक कोळी-किडेही खातो. आता आपण घातलेली बाजरीची मूठ यांपैकी कितीजणांच्या उपयोगी पडली, हे वाचकांनीच मोजावे.

चिमणीचे उदाहरण यातही विशेष आहे. मोठी चिमणी दाणे खाते, म्हणून आपण समजतो की दाणे टाकले म्हणजे तिचा संसार चालला. परंतु अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांस ती दाणा भरवीत नाही. त्यांना अळ्या आणि मऊ किडेच लागतात. एखाद्या घरी रोज दाणा-पाणी ठेवतात आणि त्याच घरी कुंड्यांतील रोपांवर दर आठवड्यास औषध फवारतात. अशा ठिकाणी चिमणा-चिमणी पोटभर जेवतात आणि त्यांची पिले घरट्यात उपाशी मरतात. चिऊचा घास, काऊचा घास म्हणून ज्या बाळास आपण जेवू घालतो, त्या बाळाच्या घरी चिऊच्या पिलाचा घास आपणच मारलेला असतो. जास्वंदीवर चार अळ्या दिसल्या तर दिसू द्याव्यात. शिंपी किंवा चिमणी येऊन त्या नेईल. न नेल्यास हाताने काढाव्यात.

कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. पावसात घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दारी येतो आणि ती त्यास ताटकळत ठेवते. आज ती गोष्ट उलटली आहे. घर वाहून गेले आहे ते चिमणीचे. कौलारू घरांच्या वाशांत, भिंतींच्या खबदाडीत, देवांच्या तसबिरींमागे तिला जागा मिळत असे. गुळगुळीत सिमेंटच्या घरात तशी फट राहिलेली नाही, आणि दार ठोठावणारी चिमणी बाहेर ताटकळत आहे. तिच्यासाठी लाकडी पेटी लावावी. भोक सव्वा इंच व्यासाचे असावे, म्हणजे चिमणी आत जाते आणि तिच्याहून मोठा पक्षी जात नाही. पेटी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, दुपारचे ऊन थेट येणार नाही अशा भिंतीला टांगावी. भोकाखाली बसण्यासाठी दांडी लावू नये. चिमणीस तिची गरज नसते आणि पिले पळविणाऱ्यास मात्र ती सोयीची होते. पेटीजवळ विजेचा पंखा नसावा. अंडी उबविण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि पिले उडण्यास आणखी तितकेच. तेवढे दिवस पेटी उघडून पाहण्याचा मोह मुलांनी आवरावा आणि मोठ्यांनीही.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व बंगलेवाल्यांस ठीक. आमच्या लिंबायत-उधना-डिंडोलीच्या चाळीत आणि रो-हाऊसांत बाग कसली? आमचे उत्तर असे की, जेथे तुळशीची कुंडी आहे तेथे बाग आहे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाशा येतात. शेजारी एक जास्वंद असली की शिंजीर येतो. ओट्याच्या कडेला हातभर माती असेल तर शेवगा लावावा. त्याच्या फुलांवर शिंजीर आणि शेंगांवर घरची माणसे, अशी दोघांची सोय होते. कढीलिंब तर घरोघरी हवाच असतो. त्याची दर वर्षी छाटणी करून नुसती पाने न ओरबाडता एखादी फांदी फळू दिली, तर पिकलेल्या काळ्या फळांसाठी बुलबुल आणि कोकीळ येतात. पेरूवरची सर्वच फळे उतरवू नयेत, शेंड्यावरची चार राखावीत. राघूने चोच मारलेला पेरू गोड असतो असे जुनी माणसे म्हणत. तो त्याच्यासाठीच ठेवण्याइतके आपण उदार व्हावे. कुंडीभर कोरडी माती उघडी ठेवली तरी चिमण्या तीत लोळून धुळीचे स्नान करतात आणि अंगावरचे किडे घालवितात. सर्वांत स्वस्त सेवा हीच.

देवळाच्या आवारातील पिंपळ, वड, उंबर यांविषयी एक शब्द. पाने पडतात, पाखरे घाण करतात, म्हणून देवस्थानांतून ही झाडे तोडण्याचा किंवा बुंध्यापर्यंत फरशी घालून त्यांचा श्वास कोंडण्याचा प्रकार हल्ली पुष्कळ ठिकाणी दिसतो. एक फळलेला पिंपळ जितक्या पाखरांना जेवू घालतो तितक्यांना शंभर घरांचे दाणे घालू शकत नाहीत. आणि ही पाखरे फुकट जेवत नाहीत. त्यांच्या विष्ठेतूनच वड-पिंपळाचे बी दूरवर जाऊन रुजते. ज्या झाडाला आपण प्रदक्षिणा घालतो ते बहुधा एखाद्या पाखराने लावलेले असते.

दाणा घालावयाचाच असेल त्यांनी अवश्य घालावा, पण वैश्वदेवाच्या मापाने. घरातील अन्नातून काढलेला एक घास, हे ते माप आहे, पोते नव्हे. बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी, एक मूठ, सकाळी. लहान थाळी टांगून तिच्याभोवती दीड इंचाच्या घरांची जाळी बसविली, तर चिमण्या आत जातात आणि कबुतरे बाहेर राहतात. पावसाळ्यात दाणा भिजून त्यास बुरशी येते, म्हणून त्या दिवसांत तो बंद ठेवला तरी चालेल. तेव्हा किड्यांची सुबत्ता असते. खारे फरसाण, पाव, तळलेले पदार्थ घालू नयेत. हिवाळ्यात उत्तरेकडून कुरव पक्षी गुजरातच्या जलाशयांवर येतात आणि लोक पिशव्या भरभरून शेव-गाठिया त्यांच्यावर उधळतात, छायाचित्रे काढतात. हजारो मैल उडून मासे टिपणाऱ्या पक्ष्यास तेलकट गाठिया! सुरतेचे खाणे प्रसिद्ध आहे, हे आम्हांसही मान्य आहे, पण ते माणसांपुरते असावे.

दिवस मावळण्यापूर्वी उरलेला दाणा झाडून उचलावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल. सुरतकरांना ती क्षुल्लक वाटू नये. सप्टेंबर १९९४ मधील प्लेगची साथ ज्यांनी पाहिली, रेल्वे स्थानकावर लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना उंदीर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रात्री अंगणात राहिलेला दाणा उंदरांचा होतो. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ज्वरही उंदरांच्याच मूत्रातून पाण्यात उतरतो. त्या साथीनंतर या शहराने झाडू हाती धरला आणि स्वच्छतेत नाव मिळविले. ते नाव दाण्याच्या ढिगाखाली घालवू नये. थाळी आठवड्यातून एकदा घासून उन्हात वाळवावी. मेलेल्या वा लुळ्या पडलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने शिवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या वाटेवरच्या नवापुरात, म्हणजे ज्या गावचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे तेथे, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्या वेळी घाबरून काहींनी अंगणातली पाण्याची भांडीही फोडली. तसे करण्याचे कारण नव्हते. हात धुवावेत, भांडी धुवावीत, इतके पुरे.

पाण्याचे महत्त्व दाण्याहून मोठे. दाणा पाखरू कोठूनही मिळवील. पण चैत्र-वैशाखात, सिमेंटच्या रस्त्यांच्या या नगरात, डबके मिळणे कठीण. तापीचे पात्र जवळ असले तरी लिंबायतच्या चिमणीस ते जवळ नाही. मातीचे पसरट परळ घ्यावे, पाणी इंच-दोन इंचांहून खोल नसावे, मध्ये एखादा दगड ठेवावा म्हणजे लहान पाखरू त्यावर उभे राहून पिईल आणि अंघोळही करील. परळ सावलीत, पण मांजरास दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी असावे. पाणी रोज ओतून टाकून नवे भरावे. नाही तर आठवडाभरात त्याच पाण्यातून डास उठतील आणि डेंग्यूचे निमंत्रण आपणच दिल्यासारखे होईल. सकाळी देवास स्नान घालताना हे परळही धुवावे. तेवढ्याने पूजेत खंड पडतो असे आम्हांस वाटत नाही.

असे काही महिने केले, की अंगणात एक दिवस शिक्रा येतो. डोळ्यांदेखत चिमणी उचलतो आणि घरातील मुले रडू लागतात. अशा वेळी मुलांना काय सांगावे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी विचारला आहे. महाभारताच्या वनपर्वातील शिबी राजाची कथा आपण सर्वजण जाणतो; पण तिच्यातील ससाण्याचे बोलणे आपण लक्षपूर्वक ऐकत नाही. ससाणा म्हणतो की, हे कबूतर माझा आहार आहे. तू त्यास राखून मला उपाशी मारतोस, मग तुझा धर्म कोणता? राजा त्यास दुष्ट म्हणत नाही, दगड मारून हाकलीत नाही. त्याचा हक्क मान्य करून राजा आपल्या मांडीचे मांस तोलतो. मुलांना सांगावे की शिक्र्यालाही पिले आहेत. आपल्याला मांडी कापावयाची नाही. थाळीशेजारी एक दाट झुडूप असू द्यावे, ज्यात चिमणीस शिरता येईल. पुढचे त्या दोघांनी पाहावे. मांजराची गोष्ट मात्र वेगळी. ते आपण पाळलेले असते, आणि त्याच्या पोटाची सोय करणे हे आपले काम आहे.

अवधूताच्या कबुतराचा उल्लेख वर आला. एकादश स्कंधातील हा प्रसंग नाथमहाराजांच्या भागवतात आपण दर चातुर्मासात ऐकतो. फासेपारध्याच्या जाळ्यात पिले सापडतात, त्यांच्यामागे कबुतरी जाते, मग कबूतरही जाते. अतिमोह कसा बुडवितो हे त्यातून अवधूत शिकला. पाखराकडून शिकण्यासाठी अगोदर ते पाहावे लागते, टक लावून आणि पुष्कळ वेळ. मुंबईचे डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या आयुष्याला वळण लागले तेही एका चिमणीमुळेच. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्या एका प्रश्नातून पुढे आयुष्यभराची पक्षिविद्या उभी राहिली. आपल्या मराठीत मारुती चितमपल्लींनी जंगलात वर्षानुवर्षे राहून पक्ष्यांविषयी लिहिले, पक्षिकोश रचला. ती पुस्तके घरी असावीत.

पिंजऱ्याविषयी थोडेच लिहितो. राघूस पिंजऱ्यात ठेवून ‘विठू विठू’ म्हणावयास शिकविणे ही आपल्याकडील जुनी हौस. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानातला पोपट पाळणे हा आज गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचे देणे आहे त्यालाच कोंडून त्याच्याकडून देवाचे नाव वदवून घेणे कितपत शोभते? तसेच सणाच्या दिवशी बाजारातून पिंजऱ्यातली पाखरे विकत घेऊन सोडण्यात पुण्य नाही. आपण दहा सोडण्याचे पैसे दिले की पारधी दुसऱ्या दिवशी वीस धरतो.

आता पौषातील सणाकडे वळतो. सुरतेची उत्तरायण आणि सुरती मांजा सर्वत्र प्रसिद्ध आहेत. काचेची पूड आणि खळ यांनी घोटलेला हा दोरा पतंगासाठी असतो. पण आकाशात पतंगांबरोबर घारी, बगळे, शराट्या, कबुतरे आणि रात्री घुबडेही असतात. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेल्या भोरड्या, ज्यांना येथे वैया म्हणतात, सायंकाळी थव्यांनी मुक्कामाच्या झाडांकडे परततात. सकाळी थारा सोडण्याची आणि संध्याकाळी परतण्याची, या दोन्ही वेळा पाखरांच्या रहदारीच्या. आणि नेमक्या त्याच वेळी गच्च्या भरलेल्या असतात. पंख सांध्याशी कापला गेलेला पक्षी वाचला तरी पुष्कळदा पुन्हा उडत नाही. आपण मराठी माणसे त्याच दिवशी एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याची विनंती करतो. वर्षभर परळात पाणी भरणारा हातच त्या दिवशी दोऱ्याला ढील देत असतो.

पतंग उडवूच नये असे आम्ही म्हणत नाही. मुलांचा सण आहे आणि आम्हांसही तो प्रिय आहे. साध्या सुती दोऱ्याने उडवावा. नायलॉनचा दोरा, ज्यास बाजारात चिनी दोरी म्हणतात, घरात आणू नये. जुलै २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली आहे. सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर पतंग खाली असावा. गुजरात शासनाचे करुणा अभियान २०१७ पासून या दिवसांत चालते. जखमी पशुपक्ष्यांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. दोऱ्यात अडकलेला पक्षी मिळाल्यास दोरा ओढू नये, कात्रीने दोन्हीकडून कापावा. पक्ष्यास भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाते. वाहन येईपर्यंत मुलांनी खोके उघडून पाहू नये.

आणि वासी उत्तरायण उलटली, गच्च्या रिकाम्या झाल्या, तरी दोरे झाडांवर, तारांवर आणि देवळाच्या शिखरावर महिनोन् महिने लोंबकळत असतात. माघातही, चैत्रातही पाखरे त्यांत अडकतात, घरटी बांधताना ते दोरे चोचीने ओढून नेतात आणि पिलांच्या पायांना ते आवळतात. ज्या घरी लांब बांबू असेल त्यांनी संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी तो काढावा, विजेच्या तारा सोडून हाताला येतील तेवढी झाडे उकलावीत आणि उतरविलेला गुंता कचऱ्यात अखंड न टाकता बारीक कापून टाकावा.